माउस हवेत धरणारे गुरुजी आणि मावशीची वही

मागच्या आठवड्यात ऑफिसात लंच टाइमला डबा उघडला न उघडला तोच मावशीचा व्हिडिओ कॉल. मावशी आमची अंगणवाडी सेविका, खटाव तालुक्यातल्या एका छोट्या गावात, चोवीस-पंचवीस वर्षं झाली असतील आता. कॉल उचलला तर स्क्रीनवर तिचं तोंड नाहीच, नुसतं कपाळ आणि मागे पत्र्याचं छत, आणि आवाज, "अगं ह्यो फोटो काढ म्हणतंय, काढला की चेहरा जुळत न्हाई म्हणतंय, आता त्या बाईचा चेहरा मी कुठनं जुळवून आणू? बाळंतपणात चेहरा बदलतोय की माणसाचा!"

मला हसू आलं, मग वाईट वाटलं, मग परत हसू आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अंगणवाडीचं सगळं काम आता पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपवर चालतं. हजेरी, पोरांची वजनं, उंच्या, गरोदर बायकांची नोंद, सगळं. आणि २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायचा जो आहार असतो तो देताना लाभार्थीचा चेहरा ॲपमध्ये जुळला पाहिजे अशी सक्ती आली. त्याच्या आधी आधारची केवायसी, त्याला ओटीपी लागणार, ओटीपी जाणार आधारला जोडलेल्या नंबरवर, तो नंबर नवऱ्याचा, आणि नवरा वाशी मार्केटला माथाडी. म्हणजे गावातल्या बाईला पाकीट द्यायला मावशी फोन लावणार वाशीला, तो बिचारा पाठीवर पोतं घेऊन चाललेला, तो ओटीपी बघेपर्यंत त्याची मुदत संपणार, की परत पहिल्यापासून.

हे सगळं मावशी करते बरं का. वय अठ्ठावन्न, शिक्षण जुनी दहावी, कुठलाही डिजिटल स्किलचा कोर्स केलेला नाही, ट्रेनिंग म्हणाल तर कधीतरी बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, मीटिंगमध्ये सुपरवायझर मॅडमनी मोबाईल वर धरून दाखवलं तेवढंच, आणि मागच्या रांगेत बसलेलीला काय दिसणार त्यातलं. तरी ती करते. कसं करते ते शेवटी सांगते.

आता मी ह्या विषयावर का लिहितेय तर मी स्वतः एकेकाळी ह्याच धंद्यात होते. २००५ ते २००८ अशी तीन वर्षं मी वडूजला एका एमएससीआयटी सेंटरवर 'मॅडम' होते. बीएस्सी झालं होतं, लग्न ठरत नव्हतं, घरी बसून काय करायचं म्हणून लागले. पगार सांगत नाही, तुम्ही हसाल. सेंटर आधी टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, सरांनी एका भिंतीला दहा कॉम्प्युटर लावले होते आणि समोरच्या भिंतीला रेमिंग्टनची जुनी मशीनं मेणकापडाखाली झाकून ठेवलेली, म्हणजे एका खोलीत दोन जमाने समोरासमोर. त्यात लोडशेडिंग. ते दिवस आठवत असतील तर आठवा, तालुक्याच्या गावांना किती किती तास लाईट नसायची, त्यामुळे आमच्या बॅचचं टाइमटेबल आम्ही ठरवत नव्हतो, एमएसईबी ठरवायची. यूपीएस वीस मिनिटं तग धरायचा, आणि त्या वीस मिनिटांत सगळ्यांनी फाईल सेव्ह करायची हा आमच्याकडचा खरा पहिला धडा, पुस्तकात नसलेला.

एमएससीआयटी म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही पण बाहेरच्या राज्यातल्या मैत्रिणींना सांगितलं की त्यांना नवल वाटतं. २००१ मध्ये राज्य सरकारने एमकेसीएल नावाची कंपनी काढली आणि कॉम्प्युटर साक्षरतेचा एकच कोर्स सगळ्या महाराष्ट्रात न्यायचं ठरवलं. त्यातली हुशारी मला आज इतक्या वर्षांनी जास्त कळते. सरकारने बिल्डिंगा बांधल्या नाहीत, आमच्या सरांसारखे जे टायपिंगवाले, क्लासवाले आधीच गावोगाव बसले होते त्यांनाच सेंटर दिली, म्हणजे पोरांना साताऱ्याला पुण्याला जावं लागलं नाही, एसटी स्टँडवर उतरलं की समोरच्या जिन्यात बोर्ड. माझ्या वयाच्या अर्ध्या महाराष्ट्राने आयुष्यातला पहिला माउस अशाच कुठल्यातरी हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत धरलाय. हे श्रेय द्यायलाच पाहिजे, उगाच सरकारचं सगळंच वाईट असं म्हणणाऱ्यातली मी नाही.

पण.

सुट्टीतल्या दहावीच्या पोरांच्या बॅच सोडल्या तर आमच्याकडे सगळ्यात मोठी गर्दी संध्याकाळच्या बॅचला, आणि ती बॅच म्हणजे सगळे सरकारी. झेडपीचे गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, पंचायत समितीतले क्लार्क. कारण शासनाने ठरवलेलं होतं की ३१ डिसेंबर २००७ च्या आत कॉम्प्युटरची परीक्षा पास व्हायची नाहीतर वेतनवाढ रोखणार. पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट होती. त्यामुळे जे एकोणपन्नासचे होते त्यांचं तोंड बघण्यासारखं असायचं, एक भाऊसाहेब तर दर दोन दिवसांनी येऊन विचारायचे, "मॅडम, माझा जन्म जूनचा, मग मी धरू का सोडू?" मी म्हणायचे भाऊसाहेब ते मला काय विचारता, तुमच्या ऑफिसात विचारा, तर म्हणायचे ऑफिसात विचारलं तर ते म्हणतात सेंटरवर विचारा.

आणि त्या बॅचमध्ये एक दिवस आमचे गुरुजी आले. आमचे म्हणजे मला चौथीला शिकवलेले. ज्यांच्या छडीला मी घाबरत होते ते समोर खुर्चीत बसलेत आणि मला सगळ्यांदेखत 'मॅडम' म्हणतायत, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सगळे गेले की मग हळूच, "पोरी, हे डबल क्लिक काय जमंना बघ." त्यांनी पहिल्या दिवशी माउस उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा हवेत धरला होता आणि स्क्रीनकडे रोखून बटन दाबत होते. कोणी हसलं नाही, कारण निम्म्यांनी तेच केलं असतं. मी त्यांना पत्त्यांचा गेम लावून दिला, सॉलिटेअर, आठ दिवस नुसते पत्ते खेळा म्हटलं, ड्रॅग करायला हात वळतो त्याने. गुरुजींना पत्ते खेळायची लाज वाटायची, दार लोटून घ्यायचे.

दोन महिने झाले, सिलॅबस संपत आला, गुरुजींना फाईल म्हणजे काय फोल्डर म्हणजे काय हे पाठ झालं होतं, पाठ हां, समजलं नव्हतं. वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, पर्याय पाठ करता येतात, आणि गुरुजी लोकांइतकं पाठांतर कोणाचं असणार. एक्सेलचा धडा आला तर त्यात उदाहरण काय, अमक्या विभागात किती विक्री, तमक्या विभागात किती विक्री, उत्तर विभाग दक्षिण विभाग. गुरुजी जांभया देत बसले. मग मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी म्हटलं गुरुजी, उद्या तुमचं निकालपत्रक घेऊन या.

आणले. अडतीस पोरांचं, लाल-निळ्या पेनाचं, खाडाखोड केलेलं. तीन संध्याकाळी आम्ही बसलो, एकेक नाव त्यांनी एका बोटाने टाइप केलं, मग मी बेरजेचं सूत्र टाकलं आणि खाली ओढलं आणि अडतीस पोरांची बेरीज एका सेकंदात खाली उतरली. गुरुजी काही बोलले नाहीत बराच वेळ. मग म्हणाले, "म्हणजे गेली सत्तावीस वर्षं एप्रिलात मी रात्र रात्र जागतोय ते..." आणि पुढे बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःहून टक्केवारीचं विचारलं. मग पोरांच्या उंचीचं. मग पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब. शेवटी मलाच काही गोष्टी येत नव्हत्या, सरांना विचारून सांगाव्या लागल्या.

मला जे काही कळलंय ह्या विषयातलं ते त्या तीन संध्याकाळीच कळलं, बाकी नंतर जे वाचलं पाहिलं ते सगळं त्याच्यावरची कलाकुसर. सक्तीने माणूस सेंटरच्या खुर्चीपर्यंत येतो, इथपर्यंत ठीक आहे, आमचे गुरुजी सक्ती नसती तर आलेच नसते हे मी मान्य करते. पण शिकतो कधी, तर समोर स्वतःचं काम असलं आणि शेजारी विचारायला एखादं माणूस असलं की. आणि आपल्याकडचं धोरण बघा, कधीचंही काढा, ते खुर्चीचे पैसे मोजतं आणि सर्टिफिकेटचे मोजतं, शेजारच्या माणसाचे मोजतच नाही.

एमएससीआयटीचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे. सर्टिफिकेट हे जातीच्या दाखल्यासारखं, डोमिसाईलसारखं एक कागद होऊन बसलं, जाहिरातीत 'एमएससीआयटी किंवा समतुल्य' असं लिहिलेलं असतं म्हणून पोरं करतात. ज्या कर्मचाऱ्यांना मुदतीत जमलं नाही त्यांच्या वेतनवाढी रोखल्या, वसुल्या निघाल्या, मुदतवाढीची निवेदनं पुढे कित्येक वर्षं फिरत राहिली. त्यातल्या किती जणांना कॉम्प्युटर येत होता किंवा नव्हता हा प्रश्नच नव्हता, प्रश्न पास झाल्याच्या तारखेचा होता.

मग आलं २०१७. केंद्राची पीएमजीदिशा, म्हणजे प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान. नोटाबंदीनंतरचे दिवस, सगळ्यांना कॅशलेस करायचं होतं, फेब्रुवारीत कॅबिनेटने मंजूर केलं, सहा कोटी ग्रामीण घरं, घरटी एक माणूस, वय चौदा ते साठ, वीस तासांचं ट्रेनिंग, खर्च २,३५१ कोटी. मी हिशोब करून बघितला, माणशी तीनशे नव्वद रुपये पडतात. त्यातले तीनशे शिकवणाऱ्या संस्थेला, ते पण पोरगं परीक्षा पास झालं तर. आता मला सांगा, तीनशे रुपयात खेड्यातल्या माणसाला वीस तास कोण आणि कसं शिकवणार? वीज, जागा, मशीन, मास्तर सगळं धरून तासाला पंधरा रुपये. ह्या भावात जे मिळणार ते मिळालं. २०२४ च्या मार्चअखेर योजना बंद झाली तेव्हाचा सरकारी आकडा असा की ६ कोटी ३९ लाख लोकांना ट्रेनिंग दिलं आणि ४ कोटी ७७ लाखांना सर्टिफिकेट मिळालं. टार्गेटच्या वर! पण मधले दीड कोटीच्या वर लोक, शिकले पण सर्टिफिकेटपर्यंत पोचले नाहीत, त्यांचं काय, आणि जे पोचले त्यांचं तरी आज काय, हे विचारायला कोणी परत त्या गावात गेलं असेल असं वाटत नाही.

आणि 'घरटी एक माणूस' ह्यातली गोम बघा. आमच्या आजोळी तो एक माणूस म्हणजे बारावीतला पोरगा निघाला, ज्याला आधीच सगळं येत होतं, तो गेला, सर्टिफिकेट घेऊन आला, आणि फोन परत स्वतःच्याच खिशात. आजी आणि मामी होत्या तिथेच. घरात एक शिकला म्हणजे घर शिकलं हे कागदावर लिहायला बरं वाटतं, पण घर असं शिकत नसतं, घरात जो शिकतो तो बाकीच्यांना म्हणतो "द्या इकडे, तुम्हाला नाही कळायचं."

अजून एक गोष्ट. त्याच सुमाराला, २०१७-१८ ला, सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीवाल्यांनी घराघरात जाऊन विचारलं होतं, तर खेड्यातल्या शंभर घरांत कॉम्प्युटर असलेली घरं साडेचार पण नव्हती, ४.४ टक्के. शहरात २३.४. म्हणजे कोर्समध्ये दहा दिवस धरलेला माउस परत आयुष्यात दिसणारच नव्हता. सायकल शिकवायची आणि मग म्हणायचं आता आठवणीत चालवा.

बरं मग गावातलं डिजिटल काम इतकी वर्षं प्रत्यक्षात कोण करतंय? ह्याचं उत्तर कुठल्याही ग्रामपंचायतीत जाऊन बघा, कोपऱ्यातल्या टेबलावर एक पोरगा किंवा पोरगी बसलेली असते, संगणक परिचालक. २०११ ला संग्राम नावाचा प्रकल्प आला तेव्हापासूनची ही मंडळी, पुढे त्याचं नाव आपले सरकार सेवा केंद्र झालं. जन्ममृत्यूचे दाखले, घरपट्टीची नोंद, ऑनलाइन अर्ज, ग्रामसभेचे फोटो अपलोड, कुठलंही पोर्टल आलं की त्याच्या गळ्यात. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशातून त्याच्या नावाने महिन्याला १२,३३१ रुपये जायचे आणि त्याच्या हातात सहा हजार पडायचे, ते पण थकून थकून. आझाद मैदानात किती वेळा बसली ही पोरं ह्याची गणतीच नाही. मागणी काय तर ग्रामपंचायतीचा कर्मचारी म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या.

मला खरंच कळत नाही हे. ज्या राज्यात गावोगावी एक माणूस आधीच बसलेला आहे, ज्याला गावातल्या म्हाताऱ्या नावाने ओळखतात, जो शेजारी बसून दाखवू शकतो, त्याला वर्षानुवर्षं तुटपुंज्या पैशावर झुलवत ठेवायचं आणि डिजिटल साक्षरतेसाठी वेगळी योजना, वेगळा पोर्टल, वेगळं सर्टिफिकेट काढायचं. अहो तोच तुमचा शिक्षक आहे की! पण त्याच्यावर खर्च केला तर तो पगार होतो, आणि पगार म्हटलं की वित्त विभागाच्या कपाळाला आठ्या. योजना म्हटलं की उद्घाटन होतं.

वरच्या मजल्यावरचं पण सांगते. २०२० ला केंद्राने मिशन कर्मयोगी काढलं, सरकारी नोकरांच्या क्षमता वाढवायला, पाच वर्षांत ५१० कोटी, केंद्राचे ४६ लाख कर्मचारी, आणि त्यासाठी आयगॉट नावाचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म, त्यावर शेकड्याने कोर्स. आता राज्यातले पण करतात. कल्पना चांगली आहे, काही कोर्स मी दिरांच्या लॉगिनवरून बघितले, चांगले बनवलेत. पण आमचे दीर (कुठल्या खात्यात ते सांगत नाही, घरात राहायचंय मला) रात्री जेवताना मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात, आवाज बंद, कोर्सचा व्हिडिओ चालू, आणि इकडे टीव्हीवर मॅच. एका जेवणात एक कोर्स. मी म्हटलं भाऊजी हे काय, तर म्हणाले, "वहिनी, महिन्याअखेर यादी निघते, कोणाचे किती कोर्स झाले त्याची. काय शिकले त्याची यादी निघत नाही." पंधरा वर्षांत गुरुजींचं पाठांतर गेलं आणि म्यूट व्हिडिओ आला, एवढाच काय तो विकास. आणि आता २०२४ पासून एआय मिशन, दहा हजार कोटींच्या वर, त्यात पण स्किलिंगचा एक भाग आहेच. मी आयटीत टेस्टिंगला आहे, आमच्याकडे पण एआयचे कोर्स कंपल्सरी झालेत, आणि खोटं कशाला बोलू, त्यातले दोन मी पण भाजी निवडत म्यूटवर लावले होते.

केरळचं वाचलं तेव्हा मात्र जरा थांबून वाचलं. २१ ऑगस्ट २०२५ ला त्यांनी जाहीर केलं की आमचं राज्य संपूर्ण डिजिटल साक्षर. अशा घोषणा ऐकल्या की मला खाज सुटते, 'संपूर्ण' म्हटलं की समजायचं कुठेतरी कोणीतरी रजिस्टर पूर्ण केलंय. पण त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं आहे. सुरुवात झाली तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लमपारा नावाच्या पंचायतीत. रोजगार हमीवरचे मजूर नुसतं खात्यात पैसे आले का बघायला बँकेच्या रांगेत उभे राहायचे आणि तेवढ्यात रोज बुडायचा, ते कोणाच्या तरी नजरेला आलं. म्हणजे सुरुवात सिलॅबसपासून नाही, बुडलेल्या रोजापासून. मग राज्यभर घरोघर जाऊन सर्व्हे, त्र्याऐंशी लाख घरं, त्यातून शोधले २१ लाख ८८ हजार लोक ज्यांना स्मार्टफोन वापरता येत नाही, आणि अडीच लाखांच्या वर स्वयंसेवक, त्यात कॉलेजची पोरं, कुटुंबश्रीच्या, म्हणजे तिकडच्या बचत गटांच्या, बाया. रोजगार हमीच्या कामावर जेवणाच्या सुट्टीत शिकवलं, घरी जाऊन शिकवलं, शिकणाऱ्याच्याच हातातल्या फोनवर, मल्याळममध्ये. वयाची साठची अट नाही, शंभरी ओलांडलेले पण शिकले. स्वयंसेवक गेले की सहा महिन्यांनी काय होतं ते बघायचंय, पण निदान शेजारी माणूस बसवला त्यांनी.

भाषेवरून आठवलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी मोबाईल परत केले होते ते आठवतंय का कोणाला? पेपरात आतल्या पानावर आलं होतं. सरकारने दिलेले मोबाईल २ जीबी रॅमचे, ॲप उघडलं की गरम, हँग, आणि पोषण ट्रॅकर तेव्हा इंग्रजीत. सातवी-दहावी झालेल्या बायकांना इंग्रजी ॲप! तर सेविकांनी जिल्ह्याजिल्ह्यात ऑफिसांत जाऊन ते मोबाईल टेबलावर ठेवले, घ्या तुमचे म्हणाल्या. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. मावशीने पण दिला होता परत, मला अजून आठवतंय ती म्हणाली, "आम्हाला येत न्हाई म्हणून न्हाई दिला गं, आम्हाला यील असं करा म्हणून दिला." मला हे वाक्य कुठल्याही धोरणाच्या पहिल्या पानावर छापावंसं वाटतं. कारण अधिकाऱ्यांच्या बोलण्यात नेहमी हेच, बायकांना टेक्नॉलॉजी नको असते, विरोध करतात. विरोध कसला, त्याच बायका व्हॉट्सॲपवर भजनी मंडळाचे ग्रुप चालवतात, ऑनलाइन साड्या विकतात, यूट्यूबवर बघून केक करतात. आता ॲप चोवीस भाषांत आहे, मराठीत आहे, आणि मावशीसारख्या झपाझप चालवतात. स्किल बाईत कमी नव्हतं, स्किल ॲप बनवणाऱ्यात कमी होतं. कौशल्य विकासाची योजना खरं तर पहिली तिकडे राबवायला पाहिजे होती, ज्यांनी फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवला आणि ज्यांनी 'सबमिट'चं बटन कीबोर्डखाली दडवलं त्यांच्यासाठी. टेस्टर आहे मी, असली बटनं शोधायचाच पगार घेते, त्यामुळे हे जरा पोटतिडकीने बोलले, चालवून घ्या.

गुरुजींचं राहिलं. निवृत्त झालेत, वडूजलाच घर बांधलंय. दोन-तीन वर्षांपूर्वी फोन आला, आवाज बारीक. लाईट बिल भरलं नाही, रात्री साडेनऊला कनेक्शन कापणार असा मेसेज आला, खाली नंबर, गुरुजींनी लावला, समोरच्याने एक ॲप डाउनलोड करायला सांगितलं, आणि पेन्शन खात्यातले अठ्ठेचाळीस हजार गेले. मला म्हणाले, "पोरी, तू शिकवलेलं सगळं येतंय मला, बेरीज, टक्केवारी, मेल पाठवणं. पण हे काय शिकवलं नव्हतंस." मी काय बोलणार. २००७ ला हे नव्हतंच. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार करा म्हटलं, पोलिसात पण गेले, पैसे काही आले नाहीत अजून. त्यांच्याकडे एमएससीआयटीचं सर्टिफिकेट आहे, लॅमिनेट करून ठेवलेलं, ७१ टक्के. आणि बघा ना, शासनाच्या लेखी ते २००७ पासून कायमचे संगणक साक्षर आहेत. गाडीचं लायसन्स तरी रिन्यू करावं लागतं.

आता मावशीचं, सांगते म्हटलं होतं ते. ह्या दिवाळीला गेले तेव्हा बघितलं. तिच्याकडे एक दोनशे पानी वही आहे, वर देवीचा फोटो चिकटवलेला. त्यात तिने ॲपचे सगळे स्क्रीन हाताने काढलेत. चौकोन काढायचा, त्यात बटनं काढायची, हिरव्याला हिरवा स्केचपेन, निळ्याला निळा, आणि शेजारी बारीक अक्षरात, 'हे दाबल्यावर गोल फिरतंय, थांबायचं, परत दाबायचं न्हाई'. 'इथं रेंज न्हाई आली तर देवळामागं जायचं'. 'ओटीपी ला वाशीला फोन, सकाळी १० च्या आत, नंतर गाडी लागते'. बीटमधल्या अकरा सेविकांनी त्याची झेरॉक्स काढून नेलीय, प्रत्येकी चाळीस रुपये झेरॉक्सला स्वतःच्या खिशातले.

मी म्हटलं मावशे, हे भारी आहे, हे मॅडमना दाखव, जिल्ह्याला पाठव. तर म्हणाली कशाला, अपडेट आलं की निम्मी पानं बाद होत्यात, परवाच बारा पानं फाडली. आणि मग माझ्याच हातात स्केचपेन दिला, म्हणाली तू कॉम्प्युटरवाली ना, ते चेहऱ्याचं नवीन पान काढून दे मला, माझं वर्तुळ वाकडं येतंय.

काढलं. माझं पण वाकडंच आलं.